अडीचशे मीटरवर तीन बोटं

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तोक्योच्या ऑफिसात माझ्यासाठी क्योतोहून फोन आला. माझ्या जुन्या घरमालकांची मुलगी, केइको-सान, बोलत होत्या. "वडील आज गेले," त्या म्हणाल्या. "झोपेतच. त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले." मी जे बोलायचं असतं ते बोलले. जपानी भाषेत अशा वेळची वाक्यं ठरलेली असतात आणि परक्या माणसाला त्यांचा फार आधार वाटतो. फोन ठेवण्याआधी त्या जरा थांबल्या. "एकोणपन्नासाव्या दिवशी घरी पूजा असते. त्याला याल का? तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे... वडिलांना विचारायची राहून गेली."

कोणती गोष्ट, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मला ती माहीत आहे. पुढचे सहा-सात आठवडे मी उत्तराची जुळवाजुळव करत काढले.

मोरिशिता-सान माझे घरमालक. पुण्याहून पीएच.डी.साठी क्योतोला गेले तेव्हा परदेशी माणसाला खोली द्यायला कोणी पटकन तयार व्हायचं नाही. विद्यापीठाच्या कचेरीतली बाई फोनवर फोन लावत होती, आणि पलीकडून नम्र नकार येत होते. पाचव्या की सहाव्या फोनवर तिनं "भारतातून आली आहे" असं सांगितलं आणि पलीकडचा माणूस काही क्षण गप्प झाला. मग लगेच हो म्हणाला. "नशीब तुमचं," ती बाई म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

खाली त्यांचं दुकान आणि वर मी. ते सुतार होते, पण घरबांधणीचे नव्हेत. जपानी घरातली ती लाकडी चौकटीची, कागद लावलेली सरकती दारं ते बनवत. सत्तरी उलटलेली, तरी हात स्थिर होता. पट्टी रंधून झाली की ते ती खांद्याशी धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि तिच्या कडेवरून पार टोकापर्यंत बघायचे. पट्टीत केसाएवढा बाक असला तरी त्यांना दिसायचा. मी जिना उतरून सायकल काढायला आले की कधी कधी ती पट्टी सावकाश माझ्याकडे वळायची... मिटलेला डोळा तसाच मिटलेला. मग पट्टी खाली यायची आणि ते "लवकर या हं" म्हणायचे. कामाची सवय असेल, असं मी मनाशी म्हणत असे.

त्यांचा स्वभाव तसा थट्टेखोर. कचरा वेगवेगळा करून ठरलेल्या वारी ठेवायचा ही तिथली शिस्त माझ्या अंगवळणी पडायला वर्ष गेलं. एका सोमवारी माझी रिकाम्या पत्र्याच्या डब्यांची पिशवी हातात घेऊन ते वर आले. मृणाल हे नाव त्यांच्या जिभेवर कधीच बसलं नाही. "मुरुनारु-सान, तुम्ही विद्यापीठात केसाचा हजारावा भाग मोजता म्हणे?"

"हो."

"मग डबे गुरुवारी, सोमवारी नाही, हे मोजायला काय यंत्र लागतं?"

मी ओशाळून हसले. तेही हसले. पिशवी ठेवून जाताना जिन्यात वळून त्यांनी विचारलं, "तुमचे वडील किती उंच आहेत?"

मी सांगितलं, पाच फूट पाच इंच असतील. त्यांनी मनातल्या मनात सेंटिमीटर केले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खांबावर पेन्सिलीची एक बारीक रेघ दिसली. सुतारांच्या दुकानात रेघा असायच्याच. पण त्या रेघेजवळ आकडा नव्हता आणि तिचा कुठल्याही दाराशी संबंध नव्हता. पुढे महिन्याभरानं त्यांनी विचारलं, तुमच्याकडे माणूस नदीवर पाणी प्यायला गेला तर गुडघे टेकतो की कसा बसतो? उकिडवा, मी म्हणाले. ते नीट कळेना, म्हणून मी तिथेच भुशात उकिडवी बसून दाखवलं. ओंजळही केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खांबाकडे. मग हातातला रंधा खाली ठेवून ते आत निघून गेले, आणि त्या दिवशी दुकान उघडं टाकून पुन्हा बाहेर आले नाहीत.

मी घाबरले होते का? थोडी. एखाद्या मैत्रिणीला सांगावं असं त्यात काही नव्हतं. म्हातारा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी ओसाकाला नोकरीला. थंडीत माझ्या दारापाशी न बोलता रॉकेलचा डबा ठेवून जाणारा माणूस. पण त्यांच्या प्रश्नांच्या मागे एक मोजमाप चाललं आहे, आणि त्यात मी आहे, हे मला कळत होतं. मोजमाप हा माझाच विषय होता.

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. समोर निळं फडकं, त्यात बांधलेलं काहीतरी. गाठ सोडली तर आत दोन आखूड नळ्या, वितीपेक्षा किंचित मोठ्या, काळा रंग उडालेल्या. खाली पोलादाचा पाय. एकीची पुढची काच कडेपासून तडकलेली.

"या बंदुकीवरच्या दुर्बिणी," ते म्हणाले. "बंदूक नाही. बंदूक तिकडेच राहिली."

तिकडे म्हणजे ब्रह्मदेशात. तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, ते तिथे नेमबाज सैनिक होते. हे त्यांनी कचऱ्याचा वार सांगावा तितक्या सरळ आवाजात सांगितलं. त्यांची स्नायपर रायफल काही खास घडवलेली नव्हती. कारखान्यातून निघणाऱ्या साध्या रायफलींमधून ज्यांच्या गोळ्या चाचणीत जवळ जवळ पडत, त्या बाजूला काढत आणि त्यांना दुर्बीण बसवत. गोळी बारीक, नळी लांब, त्यामुळे जाळ जवळजवळ दिसत नसे, धूरही नाही. "ज्याच्यावर झाडली त्याच्या सोबत्यांना कळायचंच नाही, कुठून आली," ते म्हणाले. दुर्बिणीला मात्र फिरवायला एकही स्क्रू नव्हता. कारखान्यातच एका बंदुकीवर एक दुर्बीण जुळवून पक्की करायचे आणि बंदुकीचा नंबर दुर्बिणीवर कोरायचे. जोडी ठरली की ठरली. दुसऱ्याची दुर्बीण लावायची नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. लावली तर नेम हातभर चुकेल, असं शिकवणारा म्हणाला होता.

माघार घेताना ते घसरून पडले आणि त्यांच्या दुर्बिणीची काच तडकली. त्याच आठवड्यात त्यांचा तुकडीतला जोडीदार, तोही नेमबाज, तापानं गेला. त्याची दुर्बीण त्यांनी काढून आपल्या बंदुकीवर चढवली. नेम तपासण्यात घालवायला जादा गोळ्या नव्हत्या. दोन दिवसांनी नदीच्या पलीकडच्या काठावर एक माणूस पाणी प्यायला उतरला. एकटा. हिंदी सैनिक होता, इंग्रजांच्या फौजेतला. डोकं उघडं. दुर्बिणीतल्या खुणांवरून अंतर अडीचशे मीटर. वारा नव्हता.

"मी झाडली. तो खाली गेला. काठावर गवत उंच होतं... पडला की त्यानं उडी घेतली, दिसलं नाही. आम्हाला पळायचं होतं."

मी न तडकलेली नळी उचलून बघितली.

"दुर्बीण माझी नव्हती," ते म्हणाले. "हातभर चुकली असेल तर तो वाचला. पन्नास वर्षं मी हेच धरून आहे. मुरुनारु-सान, तुमच्याकडे यंत्र आहे. मोजून द्याल?"

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यांचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनं अगदी नेटका होता. बंदुकीच्या चुका दोन तऱ्हेच्या. एक विखुरणं: तीच बंदूक, तोच नेम, तरी प्रत्येक गोळी थोडी इकडे-तिकडे पडते. त्या जुन्या बंदुकांचं हे विखुरणं त्या अंतरावर साधारण जेवायच्या ताटलीएवढं, असं त्यांच्याच सांगण्यावरून धरता येत होतं. दुसरी चूक ठरावीक: नजर आणि नळी यांच्यात कोन असला तर सगळीच ताटली एका बाजूला सरकते. ती किती सरकली, हे बंदूक नसतानाही काढता येतं, कारण दोन्ही दुर्बिणींचे पाय एकाच खाचेत बसणारे होते. एकच बैठक करून आधी त्यांची दुर्बीण बसवायची, मग जोडीदाराची, आणि दोन्हींच्या नजरेतला फरक मोजायचा. काच तडकली होती तरी जागची हलली नव्हती. बैठक त्यांनी स्वतः शिसवी लाकडात आणि पितळेत करून दिली. इतकी सुबक, की प्रयोगशाळेतल्या कारागिरानं ती दोनदा उलटून बघितली. माझ्या प्राध्यापकांना मी "जुन्या दुर्बिणी आहेत, सराव म्हणून मोजते" एवढंच सांगितलं.

तीन दिवस मी मोजत होते. चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, कारण आकडा मला नको होता. तोच आला. दोन्ही दुर्बिणी योगायोगानं जवळजवळ एकाच दिशेला बघत होत्या. अडीचशे मीटरवर फरक तीन बोटांचा. मोजण्यातली अनिश्चितता अर्धं बोट, अधिक किंवा उणे. ताटलीएवढ्या विखुरण्यापुढे तीन बोटं म्हणजे काहीच नाही. माणसाची छाती किती रुंद असते?

त्या रविवारी मी बाबांना फोन केला. बाबा सातारा जिल्ह्यातले, गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. ट्रंक कॉलच्या काळाची सवय असल्यामुळे फोनवर ते मोठ्यानं आणि थोडंच बोलत. मी सगळं सांगितलं.

"आमच्या गल्लीत एक काकी होत्या," ते म्हणाले. "नवरा त्या लढाईत गेलेला. सरकारनं कळवलं, बेपत्ता. बास, एवढंच. काकी मरेपर्यंत कुंकू लावायच्या. लग्नकार्यात बायका पुढे बोलवायच्या नाहीत आणि मागेही ठेवायच्या नाहीत. कुणी तरी येऊन सांगितलं असतं ना, बाई, गेला तुझा नवरा, तर एकदाचं रडून घेतलं असतं त्यांनी."

"बाबा, हा माणूस तोच असेल असं नाही."

"मी कुठे म्हणतोय तोच? अगं, तुला विचारलंय त्यानं. खरं आलंय ते सांग. वर मलमपट्टी नको."

"म्हातारा माणूस आहे, बाबा."

"म्हणून तर. वेळ कमी आहे त्याच्याकडे."

मी कागद नेऊन दिला. एका ओळीत लिहिलं होतं: तीन बोटं, ± अर्धं बोट. मोरिशिता-साननी चष्मा लावून तो वाचला. पहिल्या आकड्यावर त्यांची नजर थांबली नाही. त्या चिन्हावर थांबली. "हे काय?"

इथे मी जे केलं ते मला पहिल्यांदाच लिहावं लागतं आहे. मी म्हणाले, "मोजण्यात नेहमी थोडी अनिश्चितता असते. शंभर टक्के खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही."

"म्हणजे लागली की नाही... सांगता येत नाही?"

"पूर्ण खात्रीनं, नाही."

माझं एकही वाक्य खोटं नव्हतं. आमच्या क्षेत्रातला कोणीही माणूस त्याखाली सही करेल. आणि कोणालाही कळलं असतं की मी त्या चिन्हाच्या मागे लपले आहे. त्यांनी कपाळ जमिनीला टेकेल इतकं वाकून माझे आभार मानले. मला तिथून उठवेना.

पुढचे काही आठवडे ते वेगळे होते. दुकानात गुणगुणायचे. एकदा कोपऱ्यावरून माझ्यासाठी रताळी भाजून आणली आणि "गरम आहेत, शास्त्रज्ञबाई, आधी मोजून मग खा" म्हणाले. मी हसत असे. रात्री झोप मात्र लागत नसे. त्यांचा तो मोकळेपणा मी उसना दिलेला होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग एक दिवस मी सायकल लावत असताना त्यांनी हाक मारली. एक नवं दार चौकटीत बसवून बघत होते. दार आणि चौकट यांच्यामध्ये त्यांनी बोट घातलं, काढलं.

"मुरुनारु-सान, ते अर्धं बोट दोन्हीकडे, ना? कमी किंवा जास्त?"

"हो."

"म्हणजे अडीच ते साडेतीन."

"...हो."

त्यांनी दार सरकवलं. ते आवाज न करता पुढे गेलं आणि चौकटीला भिडलं. "लाकडात मीही एवढं सोडतो," ते म्हणाले. "एवढं सोडलं तरी दार बसतं."

बस्स. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी तिथेच बोलायला हवं होतं. हो, तुम्ही बरोबर समजलात, मी तुम्हाला फसवलं, असं. मी सायकलला कुलूप लावलं आणि वर गेले. त्यानंतर वर्षभर मी त्या घरात राहिले. कचऱ्यावरून थट्टा, थंडीत रॉकेल, सगळं पूर्वीसारखं. पदवी मिळाली, तोक्योला नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझी बॅग स्टेशनपर्यंत उचलली. गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे होते, दोन्ही डोळे उघडे. दर नव्या वर्षाला त्यांचं कार्ड यायचं. त्यात शुभेच्छांशिवाय एक शब्द नसे.

एप्रिलच्या सुरुवातीला एकोणपन्नासावा दिवस आला. भिक्षू मंत्र म्हणून गेले, चार-पाच नातेवाईक जेवून गेले. खालचं दुकान रिकामं केलेलं होतं. हत्यारं दुसऱ्या एका सुताराला दिली, केइको-सान म्हणाल्या. त्या आता पन्नाशीला आलेल्या, वडिलांसारख्याच रुंद कपाळाच्या. मला त्या आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कोनाड्यात देव्हारा होता. त्यांच्याकडे त्यात घरातल्या गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या असतात. आजी-आजोबांची, आईची, आणि आता वडिलांची नवी. प्रत्येकीपुढे चहा. आणि बाजूला, कुठल्याच पाटीसमोर नाही असा, एक साधा पांढरा पेला.

मी दुर्बिणींच्या प्रश्नाची तयारी करून गेले होते. त्यांनी दुर्बिणींचं नावही काढलं नाही.

"हा पेला," त्या म्हणाल्या. "मी लहान होते तेव्हापासून वडील रोज सकाळी यात पाणी ठेवायचे. सगळ्यांना चहा, याला पाणी. कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणायचे, पाहुण्याचा. आईलाही माहीत नव्हतं. एकदाच त्यांनी तो ठेवायचं बंद केलं, काही आठवडे. तुम्ही इथे होतात तेव्हा. मी ओसाकाहून आले होते, तर तो धुऊन कपाटात उपडा ठेवलेला. मला वाटलं, विसरायला लागले. पुढच्या वेळी आले तर पुन्हा जागेवर." त्या थांबल्या. "हे घर आता विकायचं आहे. देव्हारा मी नेणार. याचं काय करू, कळत नाही. तुम्हाला काही बोलले होते का?"

मग मी सांगितलं. नदी, गवत, जोडीदाराची दुर्बीण, तडकलेली काच. माझ्या देशातला तो माणूस. आठवणी सांगताना मी एरवी अडखळते. त्या दिवशी अडखळले नाही. कागदावरचं ते चिन्ह आणि मी त्याचं काय केलं, तेही सांगितलं. केइको-सान गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होत्या. बाहेर रस्त्यावर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"इतकी वर्षं ते पाणी ठेवत होते," त्या हळू म्हणाल्या. "म्हणजे त्यांना वाटतच होतं."

"हो. फक्त ते काही आठवडे नाही."

"आणि खरं काय? त्याला लागली?"

"हो," मी म्हणाले. "लागली असणार, असंही नाही म्हणत. लागली."

आकडा त्यांनी विचारला नाही, मीही सांगितला नाही. त्यांनी पेल्याकडे बघितलं. "मग काढता येणार नाही," असं म्हणून त्या उठल्या. पेला घेऊन मोरीपाशी गेल्या, विसळला, नळ सोडला. परत आल्या तेव्हा दोन्ही हातांत धरलेला पेला इतका भरलेला होता की त्या जमिनीकडे न बघता पाण्याकडेच बघत चालत होत्या. तो जागेवर ठेवताना एक थेंब सांडला. त्यांनी बाहीनं टिपला आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. पाणी हलायचं थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.